तळ्यातला धुरकरी

बैलगाडी हाकता येते म्हणजे नावही हाकता येईल, असं धरून चालून मी माझ्या बहिणीच्या एकुलत्या एका मुलीला साहेबाच्या नावेत बसवलं आणि नाव लोणारच्या तळ्यात सोडली. चूक एवढीच. बाकी जे झालं ती या चुकीचीच पिलावळ.

पोरगी सुखरूप आहे, हे आधीच सांगून टाकतो. नसती तर हे लिहायला माझा हात उचलला नसता. आता तिची स्वतःची लेकरं तिचं ऐकत नाहीत, आणि ती त्यांच्यामागे ओरडत धावताना दिसली की मला आतून फार बरं वाटतं. ओरडायला ती आहे, हेच माझ्यासाठी खूप आहे.

मी अमडापूरचा. घरची शेती, गोठ्यात बैल, आणि मला येण्यासारख्या गोष्टी दोनच: थोडंफार इंग्रजी आणि गाडी हाकणं. इंग्रजी शाळेत मी एका इयत्तेत दोन वर्षं बसलो, त्यामुळे त्या इयत्तेपुरतं माझं इंग्रजी फार पक्कं झालं. गाडीचं मात्र मला उपजतच होतं. धुरेवर बसणारा म्हणून आमच्याकडे गाडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, आणि आपल्यासारखा धुरकरी चिखली तालुक्यात नाही असं माझं मत होतं. एका वर्षी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, माझी जोडी पहिली आली होती. पुढे असलेली जोडी बुजून हरभऱ्याच्या वावरात शिरली म्हणून माझी आली, ही गोष्ट मी सहसा सांगत नसे. आज सांगतो आहे, कारण आजच्या गोष्टीत याहून वाईट पुष्कळ आहे.

माझी थोरली बहीण लोणारला दिलेली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. पावसाळा सरता सरता तिच्या घरून निरोप आला की तळं मोजायला एक गोरा साहेब आला आहे आणि त्याला दुभाष्या पाहिजे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे काहीही मोजायचं झालं की मोजणारा नागपूरहून येई. मी गेलो. साहेबाचं इंग्रजी ऐकून मजुरांना वऱ्हाडीत सांगायचं आणि मजुरांचं वऱ्हाडी साहेबाला इंग्रजीत सांगायचं, असं माझं काम होतं. मला साहेबाचं निम्मं कळे, मजुरांचं निम्मं इंग्रजीत सांगता येई, आणि उरलेलं निम्मं मी स्वतःच्या पदरचं घाली. काम चाललं होतं. दोन्ही बाजू माझ्यावर खूश होत्या, कारण खरं कोण काय बोललं हे कुणालाच कळत नव्हतं.

ज्यांनी लोणारचं तळं पाहिलं नसेल त्यांनी असं समजावं की गाव वर आहे आणि तळं खूप खाली, खोल परातीच्या तळाशी उरलेल्या वरणासारखं. पाणी खारं, बुळबुळीत. त्यात धोतर बुचकळलं तर साबण लागत नाही. कडेला काळा चिखल, त्याचा वास नासक्या अंड्याचा. अशा पाण्यात मासा नाही. मासा नाही म्हणून जाळं टाकणारा नाही, आणि म्हणून कुणाकडे नाव नाही. म्हणजे नाव कशी चालवतात हे विचारायला सगळ्या पंचक्रोशीत एक माणूस नव्हता. मला तेव्हा ही अडचण वाटली नाही. उलट आपल्याला चुकलं म्हणणारा कुणी नाही, ही सोयच वाटली.

साहेबाची नाव मोगलाईतल्या जालन्याच्या स्टेशनावर उतरली आणि तिथून बैलगाडीत बसून आली. मी ती पहिल्यांदा पाहिली ती अशी, गाडीवर आडवी पडलेली, पुढे दोन बैल जिभा काढून ओढताहेत. माझ्या डोक्यात जे काही शिरलं ते त्याच क्षणी शिरलं असावं. जी स्वतः गाडीत बसून येते ती गाडीपेक्षा शहाणी कशी असेल? गावातल्या बायांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माझ्या सात-आठ वर्षांच्या भाचीनेही माझ्या कडेवरून वाकून तिच्या नाकाला कुंकवाचं बोट लावलं. मग माणसांनी दोर लावून ती उतारावरून खाली नेली.

नाव लहानच होती. चार माणसं बसतील एवढी, एक काठी, एक शीड, आणि मागे सुकाणूला जोडलेला लाकडी दांडा. साहेब मागे दांडा धरून बसे आणि मी पुढे बसून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडी. दांड्याकडे मी कधी पाहिलं नाही. मी पाही काठाकडे, काठावरून मला कोण कोण बघतंय ते. साहेबाचा हात जेमतेम हलायचा आणि नाव वळायची, एवढं माझ्या ध्यानात होतं. हात कुणीकडे हलला की नाव कुणीकडे वळते, हे बघावं असं मला एकदाही सुचलं नाही.

आता पोरीचं सांगतो. त्या उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला होता. दाजींनी मेहकरहून डॉक्टर आणला, त्याने नाडी पाहून खाली मान घातली. बाई तेव्हा खाली तळ्याकाठच्या कमळजा देवीला नवस बोलली होती की पोरगी उठली तर नवरात्रात तुझ्या पायावर आणून घालीन. पोरगी उठली. पण पायांत बळ नव्हतं, अंगणातून ओट्यावर चढली तरी धाप लागे. आणि देवीचं देऊळ तळ्याच्या पलीकडच्या काठाला. उतार उतरायचा, मग काठाकाठाने बाभळीच्या काट्यांतून आणि चिखलातून वळसा घालायचा. तेवढं पोरीला चालणं शक्य नव्हतं, आणि वाढत्या अंगाच्या पोरीला पाठीवर घेऊन बाईला.

नवरात्रात साहेब काही दिवसांसाठी मेहकरला गेला होता. नाव रिकामी होती, मी रिकामा होतो. मी बाईला म्हटलं की पोरीला मी नावेतून नेतो, सरळ पाण्यावरून. तू बाकीच्या बायांबरोबर काठाने ये.

बाईने पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "तिले देवीनं आत्ताच वापस देल्ली रे. तुह्या हाती द्याले मले भेव लागते."

हे वाक्य ऐकून शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. मी तिला शंकरपटाची आठवण करून दिली. बैलासारखं तापट जनावर ज्याच्या हातात राहतं त्याला लाकडाची पाटी काय जड, असं काहीतरी बोललो. शेवटी पोरगीच हट्टाला पेटली. अंथरुणातून उठल्यापासून तिने पहिल्यांदाच कशासाठी तरी हट्ट केला होता, आणि बाईला तो मोडवेना. तिने ओटीचं सामान, खण, नारळ, तांदूळ, एका फडक्यात बांधून पोरीच्या मांडीवर दिलं, एक पितळी तांब्या दिला, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. ती नजर पुढे नावेत मला पाण्यापेक्षा जास्त खारट लागली.

खाली नावेजवळ साहेबाने राखणीला ठेवलेला म्हातारा बसलेला असे. गावातला मुसलमान, सगळे त्याला चाचा म्हणत. मी नाव मागितली तेव्हा तो उठलासुद्धा नाही.

"भाऊ, हे साहेबाची अमानत हाये," तो म्हणाला. "वल्ही त्यायनं तंबूत बंद करून ठेवली. कायले ठेवली असतीन, इचार करा ना थोडासा."

वल्ही नव्हती हे मला माहीत होतं. त्याचाही मी विचार केला होता. शीड आहे, वारा आहे, हात दुखवायचे कशाला? वल्ही ही माझ्या लेखी पायी चालणाऱ्यांसाठी होती. मी चाचाला म्हटलं की मी साहेबाचाच माणूस, साहेबाच्या वतीने बोलायचा मला पगार मिळतो, आणि आत्ता साहेब माझ्या तोंडून हो म्हणतो आहे. चाचाने पोरीकडे पाहिलं, तिच्या नव्या परकराकडे पाहिलं, मांडीवरल्या ओटीकडे पाहिलं. देवीचं काम म्हटल्यावर त्यालाही नाही म्हणवेना. त्याने नाव ढकलून दिली आणि अल्ला अन् देवी, दोघांच्या हवाले केली. मला कुणाच्याच हवाले केलं नाही.

सुरुवात फार छान झाली. पाणी हिरवं आणि ताटासारखं सपाट होतं, वाऱ्याची एक झुळूक मागून येत होती, शीड पोट फुगवून बसलं होतं. पोरगी पुढे, मी मागे. दांडा हातात धरून मी गाडीवर बसतो तसाच एक पाय दुमडून बसलो. काठावर बाई आणि दोन-तीन बाया चालत होत्या. तिचं लाल लुगडं बाभळींमागे लपे आणि पुन्हा दिसे. पोरगी तिला हात करी. ती आजारातून उठल्यापासून इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. आपण किती चांगले मामा आहोत या विचाराने मला गहिवरून आलं.

देऊळ थोडं डाव्या हाताला होतं. मी दांडा डावीकडे ओढला, डावा कासरा ओढावा तसा. नाव उजवीकडे वळली.

मला वाटलं, वारा. पुन्हा ओढला, जरा जोर लावून. नाव आणखी उजवीकडे गेली. आता अडेल बैलाला काय करतात हे मला चांगलं माहीत होतं. कासरा आखडायचा, सोडायचा नाही, त्याला कळू द्यायचं की मालक कोण आहे. मी दांडा थेट छातीशी आखडून धरला आणि तोंडाने हो, हो असं सुरू केलं. नावेने जागच्या जागी गिरकी घेतली, देऊळ आमच्या पाठीमागे गेलं आणि चाचा समोर आला. चाचा काठावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. तो शाबासकी देतो आहे अशी मी समजूत करून घेतली.

पोरगी खुदखुदत होती. मग तिने मागे वळून माझ्या हाताकडे, नावेच्या नाकाकडे आणि पुन्हा हाताकडे पाहिलं.

"मामा, तू इकडं ओढतं त ते तिकडं जाते," ती म्हणाली.

मी तिला चूप बस म्हटलं. नावेतलं तुला काय समजतं, असंही म्हटलं. तिला त्या वेळी नावेतलं माझ्यापेक्षा नेमकं तेवढंच जास्त समजलं होतं, जेवढं समजणं जरुरीचं होतं.

तेवढ्यात धारेच्या, म्हणजे कड्यातून झरा पडतो त्या बाजूने आभाळ काळं झालं. नवरात्रात आमच्याकडे असा एखादा पाऊस दुपारून येतो, नवल नाही. पण वर गावात असताना तो येताना दिसतो. खाली तळ्यात असलं की कडा आड येतात, आणि तो डोक्यावर आला की मगच कळतं. आधी पाणी खवल्यासारखं झालं. मग वारा त्या परातीत वरून ओतल्यासारखा उतरला. एकीकडून आला, समोरच्या कड्याला धडकला आणि दुसरीकडून पुन्हा आला. शिडाखालचं आडवं लाकूड सप्पकन एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं आणि जाता जाता माझ्या डोक्यावरची टोपी घेऊन गेलं. मी वाकलेला नसतो तर डोकंही नेलं असतं. मी वाकलो होतो ते शहाणपणाने नव्हे, खाली सांडलेले तांदूळ गोळा करायला.

लाटा. समुद्र पाहिलेल्या माणसांनी हसावं, माझी हरकत नाही. पण आमची नाव लहान होती आणि त्या पाण्याची एक एक लाट नावेच्या काठावर चढून आत बघून जात होती. पाणी साबणाचं, त्यामुळे लाट फुटली की नुसता फेस. पांढऱ्या फेसाचे लोळ आमच्या अंगावर येत. फळ्या बुळबुळीत झाल्या. पोरगी घसरून माझ्या पायाशी आली तेव्हा मी तिला एका हाताने धरलं आणि माझ्या लक्षात आलं की तिचा दंड अजून माझ्या मुठीत पुरा मावतो. ताप जाऊन इतके दिवस झाले तरी. ती पाण्यात पडली तर हात हलवायचं बळही तिच्यात नव्हतं. आणि पोहणं मलाही येत नव्हतं. हे मी आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण तेव्हा ते मला त्याच घटकेला आठवलं.

शीड उतरवावं असं सुचलं. शीड खाली घेतलं की वारा कशाला धरेल? पण दोरीची गाठ साहेबाची. आमच्या गाठी मला सगळ्या येतात. ही गाठ ओढली की घट्ट होई आणि सोडली की आणखी घट्ट. मी दात लावले. तोंडात खारट दोरी धरून मी वर पाहतो तो काठावरचं लाल लुगडं थांबलेलं. बाई ओरडत नव्हती, रडत नव्हती. नुसती उभी होती. तेवढ्यात एक लाट सरळ माझ्या तोंडावर फुटली आणि मला दिसायचं बंद झालं.

साबण डोळ्यांत गेल्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे धुवायला जे पाणी होतं तेही साबणाचंच. डोळे चोळावे तेवढी आग. मी आंधळा, दांडा माझ्या हातात, आणि पोरगी माझ्या पायात.

मी तिला विचारलं, तुला दिसतंय का? ती हो म्हणाली. ती माझ्या गुडघ्याला मिठी मारून त्याआड तोंड लपवून बसली होती, त्यामुळे शिंतोडे माझ्या वाट्याला आले होते. मी तिला म्हटलं, देऊळ कुठे आहे ते मला सांगत राहा, थांबू नको. गाडीत सांगतेस तसं सांग.

ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मला वाटलं घाबरली. मग तिचा आवाज आला, बारीक पण न कापणारा.

"मामा, डावा कासरा ओढ."

मी ओढला.

"बस कर. आता उजवा. थोडासाक."

मी उजवा ओढला. ती सांगेल तसा ओढत गेलो. डावा म्हणाली की डावा, उजवा म्हणाली की उजवा, सोड म्हणाली की सोडला. माझं सगळं आयुष्य ज्याच्या भरवशावर चाललं होतं ते माझं मत, ते त्या दिवशी मी कुठेही मधे घातलं नाही. डोळे मिटलेले होते म्हणून. मधूनच ती तांब्याने पाणी उपसून बाहेर फेकी, ते वाऱ्याने परत माझ्याच अंगावर येई. मला नावेत बदल जाणवू लागला. ती आता डोलत होती पण गिरक्या घेत नव्हती. लाटा आडव्या न येता मागून ढकलू लागल्या. एखादं नाठाळ जनावर शेवटी हातात यावं, तशी ती हातात आली असं मला वाटलं. मी तिला पुटपुटत शाबासकी द्यायला लागलो. नावेला. पोरीला नव्हे.

मग खालून काहीतरी मऊ, लांबलचक घसपटल्याचा आवाज झाला आणि आम्ही थांबलो.

नाव चिखलात घुसली होती. मी पोरीला खांद्यावर घेतलं आणि उडी मारली. मांडीपर्यंत त्या काळ्या, घाणेरड्या, देवासारख्या चिखलात गेलो. आयुष्यात कुठल्या जमिनीचा मला इतका आनंद झाला नाही. एक पाय उपसावा तर दुसरा जाई, पण जाऊन जाऊन तो कुठेतरी टेकत होता. मी मोठ्याने हसू लागलो आणि मला ते थांबवता येईना. पोरगी वरून माझे कान धरून बसली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं तळ्याचं किती आणि माझं किती, सांगता येणार नाही.

बाई धावत आली. काट्यांतून आली, तिच्या लुगड्याला ठिकठिकाणी फाटलं होतं. तिने पोरीला माझ्या खांद्यावरून उचललं, एका दगडावर बसवलं आणि तिचे हात, पाय, पोट, पाठ असं सगळं दाबून पाहिलं, बाजारात भोपळा पाहतात तसं. मग तिच्या डोक्याचा वास घेतला. तो वास त्या वेळी काही घेण्यासारखा नव्हता. बाईने पुन्हा घेतला. मग ती तिथेच खाली चिखलात बसली आणि पोरीच्या पावलांवर डोकं टेकून राहिली. तिचा श्वास कितीतरी वेळाने सावकाश झाला. पाऊस थोडासा पडून निघून गेला होता. ऊन पडलं. बाभळींवरून पाणी ठिबकत होतं आणि तळं पुन्हा असं गरीब होऊन पडलं होतं की त्याच्यावर कुणी आळ घेऊ नये.

मला वाटलं होतं बाई मला मारेल. तिने पदराने माझं तोंड पुसलं. त्यामुळे मी जरा जास्तच बरा झालो.

देवळात गेलो. पोरगी आपल्या पायाने चालत गेली, तेवढं अंतर ती चालली. ओटीचं फडकं तिने सोडलं नव्हतं. खण भिजून चोथा झाला होता, तांदूळ बरेचसे नावेत राहिले, नारळाला फेस लागला होता. पुजाऱ्याने नारळ उलटसुलट करून पाहिला आणि हा धुवून आणला का, असं विचारलं. बाईने तो त्याच्या हातून घेतला, स्वतः फोडला, आणि पोरीला देवीच्या पायावर घातली. ती घालताना काही बोलली नाही. बोलायचं ते उन्हाळ्यातच बोलून झालं होतं. उठताना मात्र तिने मोठा निःश्वास टाकला. तो ऐकून माझ्याही छातीत साहेबाच्या गाठीसारखी बसलेली एक गाठ सुटली.

आम्ही देवळाच्या ओट्यावर उन्हात अंग वाळवत बसलो. सगळ्यांना सपाटून भूक लागली होती. बाईने स्वतःजवळच्या शिदोरीतल्या भाकरी काढल्या, ठेचा काढला. पोरीने अख्खी भाकरी खाल्ली. तापानंतर चतकोर कोर चिवडणारी पोर, तिने दुसरी मागितली. बाई ती मोडून देताना माझ्याकडे बघून हसली. मग मलाही धीर आला. पोट भरलं, डोळे उघडले, अंग वाळलं, आणि माझी जीभ सुटली.

मी सांगायला लागलो. सुरुवातीला नाव कशी अडली, मी कासरा कसा आखडून धरला, वारा किती होता, डोळे गेले तरी हात कसा गेला नाही. साहेबालाही असल्या वाऱ्यात जमलं नसतं, हे मी दोनदा सांगितलं. जनावर असो की लाकूड, हाताला ओळख पटावी लागते, शेवटी ती माझ्या हातात आलीच, असं म्हणून मी ठेच्याकडे हात नेला.

पोरगी घास चावत होती. तिने तो गिळला आणि अगदी शांतपणे आईला सांगितलं.

"मामाले सांगतलं होतं का ते उलटी जाते. ऐकेच ना. मंग मी त्याले उलटंच सांगून राह्यली होती. देऊळ उजवीकडं असलं का म्हणो, डावा कासरा ओढ."

माझा हात ठेच्यावरच राहिला. मी मनातल्या मनात सगळा रस्ता पुन्हा आठवून पाहिला. डावा म्हणाली की नाव कुणीकडे गेली असेल, उजवा म्हणाली की कुणीकडे. जुळत होतं. दुर्दैवाने सगळंच जुळत होतं. बाईने भाकरी खाली ठेवली आणि मला विचारलं, हे खरं का. मी मान हलवली. डोळे मिटलेले होते, मला फक्त ऐकू येत होतं, हेही कबूल केलं.

बाईने पोरीच्या केसांत अडकलेला फेस बोटाने निपटून काढला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग तुले कायले नेलं होतं रे हिनं सोबत?"